परिवारातले स्टूल

लातूरच्या एमआयडीसीतल्या ‘स्नेहबंध डाळ उद्योगा’त एकही कामगार नाही. तिथे फक्त परिवाराचे सदस्य आहेत. पट्ट्यावरून वाहणाऱ्या तूरडाळीतले खडे वेचणाऱ्या बायका या परिवाराच्या लेकीसुना, मालक व्यंकटराव हे सगळ्यांचे काका. हे नाते फाटकावरच्या फलकावरच रंगवलेले असल्याने त्याबद्दल शंका घेण्याची सोय नाही. लेकीसुना दिवसभर उभ्याने खडे वेचतात, कारण पट्टा उभ्या माणसाच्या उंचीचा आहे.

शिवकन्येला सातवा महिना लागला आणि तिचे पाय सुजू लागले. तिला एक उंच स्टूल हवे होते. स्टूल मिळाले तर बाळंतपणाच्या रजेपर्यंत ती काम ओढू शकत होती. न मिळाले तर मध्येच सोडावे लागणार होते, आणि इथे सोडलेली जागा कोणाला परत मिळाल्याचे कोणाच्या ऐकण्यात नव्हते.

सुपरवायझर भागवतने तिला समजावले की एकटीची मागणी मान्य करणे म्हणजे पक्षपात. सगळ्यांचीच अडचण असेल तर बघू. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी त्याच्या टेबलापुढे आल्या. पुढे तुळजाबाई होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. भागवतने आधी दार लावले. असे जमून येण्याला युनियन म्हणतात, आणि युनियन परिवारात शोभत नाही, असे त्याने सांगितले.

“म्हंजी एकटीनं मागायचं न्हाई, मिळून बी मागायचं न्हाई,” तुळजाबाई म्हणाल्या. “मग मागायचं तरी कसं, साहेब?”

“मागायचंच कशाला, मावशी? घरात कोणी मागतं का?”

प्रकरण रविकांतकडे गेले. रविकांत हा परिवार सुसंवाद अधिकारी. पूर्वी या पदाला एचआर म्हणत. रविकांत कधीच नकार देत नाही. तो समिती नेमतो. समितीत कार्यालयातले पाच जण आणि पट्ट्यावरच्या तुळजाबाई असे सहा जण होते. संवादाचे वातावरण बिघडू नये म्हणून समितीला कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नाही, असा पहिला ठराव एकमताने झाला. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी असा कायदा आहे, हे तुळजाबाईंनी कुठूनतरी विचारून आणले होते. कायदा परक्यांमध्ये लागतो, असे रविकांतने हसून सांगितले.

तरीही काकांचे मन मोठे. ते खास नांदेडहून आले. सुनेला स्टूल मिळालेच पाहिजे, असे म्हणून त्यांनी स्वहस्ते नव्या स्टुलाची फीत कापली. टाळ्या झाल्या. शिवकन्या बसायला वाकली, तेवढ्यात भागवत कानाशी आला.

“अगं, काका समोर हायत. घरी सासऱ्यासमोर खुर्चीवर बसतीस का?”

शिवकन्येचे सासर निलंग्याकडचे, जुन्या वळणाचे. ती खोटे बोलली नाही. “न्हाई,” म्हणाली.

या उत्तराची समितीने आदराने नोंद घेतली आणि नियम झाला: काका हजर असताना स्टुलावर कोणी बसायचे नाही. नियम कठोर म्हणता येणार नाही, कारण काका महिन्यातून एकदोनदाच येत. त्यांची गाडी नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर शिवकन्या बसली. भागवतचा फोन वाजला. कारखान्यातले सगळे कॅमेरे काकांना मोबाइलवर दिसतात. जिथे काकांची नजर तिथे काकांची उपस्थिती, असा खुलासा रविकांतने केला. काका झोपलेले असताना काय, असे कोणीतरी विचारले. रेकॉर्डिंग नंतरही पाहता येते, म्हणजे काका मागील तारखेनेही हजर असतात, हे त्याने शांतपणे पटवून दिले.

“असं हाय तर,” तुळजाबाई म्हणाल्या. “पर सुनेला भुईवर बसायला कोन अडवतंय?”

दुपारी सगळ्या जणी फरशीवर बसल्या. पट्टा त्यांच्या डोक्यावरून चालत राहिला आणि डाळ खड्यांसकट पोत्यांत पडत राहिली. इतक्या दिवसांत ‘स्नेहबंध’ने गांभीर्याने घेतलेली ही पहिली गोष्ट. संध्याकाळी समिती तातडीने बसली. ठराव पुन्हा एकमताने झाला; तुळजाबाई तिथेही खाली बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचा न उचललेला हात कोणाला दिसला नाही.

ठरावाप्रमाणे परिवाराने शिवकन्येचे डोहाळजेवण केले. हिरवी साडी, फुलांनी मढवलेला झोपाळा, फोटोग्राफर. काका स्वतः म्हणाले, “बस, लेकी.” ती काकांसमोर बसली. ओटी भरून झाल्यावर रविकांतने माइक घेतला. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते ही आपली रीत, म्हणून परिवार तिला आजपासून कामातून मोकळे करत आहे, असे त्याने जाहीर केले. उभी होती तोवर ती सून होती. जाण्याची वेळ आली तशी लेक झाली.

“लेक म्हनता ना? मग हेच माहेर झालं की तिचं,” तुळजाबाई म्हणाल्या. “ठिवा इथंच.”

सूचना स्वागतार्ह असल्याचे रविकांत म्हणाला.

“परत कधी येऊ, साहेब?” शिवकन्येने झोपाळ्यावरूनच विचारले.

“माहेरी निघालेल्या लेकीला कोणी तारीख देतं का, ताई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जागेवर नवी सून उभी होती.

झोपाळ्यावरचा तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. हिरव्या साडीतली बाई, मागे हात जोडलेले काका, खाली ‘काम नव्हे, कुटुंब’. तिचे सुजलेले पाय फोटोत स्वच्छ दिसतात. तुम्ही बदाम दिला आणि पुढे सरकलात.

फोन तुम्ही नंतर केला. बायका फरशीवर बसल्या त्या दुपारची पोती बाजारात गेली होती आणि तुमच्या वरणात खडा निघाला होता. पाकिटावरच्या क्रमांकावर फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. तुम्ही एकटेच होतात, तरी तुमची मागणी पक्षपाताची ठरली नाही. कोणी समितीही नेमली नाही. तुमच्या तक्रारीची त्वरित दखल घेऊन, लक्ष विचलित होऊ नये यासाठी, पट्ट्याजवळचे स्टूल हटवण्यात आले आहे.