जवाईबापूंचं कोपर

दिवाळीच्या फोटोत जवाईबापूंचं कोपर तेवढं आलं होतं. बाकी सगळं घर होतं, दारातला आकाशकंदील होता, शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा शेपटीसकट होतं. अमररावांचं मात्र फक्त कोपर. भाऊबीज उरकली आणि अमररावांनी बॅग भरली. तेव्हापासून थोरली अंजू माहेरी आली नव्हती.

चूक कोणाची? फोटो काढणारे सासरे, लाखनीचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर सेवकराम म्हणायचे, "जवाईच सरकले." जवाई कुठेही सरकले नव्हते. सरकली होती ती सेवकरामांची लेन्स, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यांचा जुना रोलचा कॅमेरा, त्यावरची पस्तीस एमएमची लेन्स आणि बैठकीचा उंबरठा यांचं गणित पक्कं होतं. उंबरठ्याला टाच लावायची, की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अख्खं खानदान फोटोत. शिवाय त्या कॅमेऱ्याला बघायची खिडकी वेगळी होती. तिच्यात चौकटीबाहेरचा माणूसही दिसायचा, त्यामुळे कोण कापला जातोय ते आधीच कळायचं. पुढे रोल मिळेनासे झाले. धाकट्या गुंजनने हौसेने डिजिटल कॅमेरा आणून दिला. सेवकरामांनी मधे एक कडी बसवली, तिच्यावर आपली जुनी लेन्स चढवली आणि पुन्हा उंबरठ्याला टाच लावली. म्हणून ते कोपर.

आता गुंजनचं साक्षगंध ठरलं होतं. गोदावरीबाईंनी नवऱ्याला बजावलं, "या बारीले जवाई फोटोत नाई आले तं माही अंजू या घराचं तोंड पाहत नाई. समजलं का?"

"बाबा, भंडाऱ्याले जा अन् रुंद लेन्स घेऊन या," गुंजन म्हणाली.

गेले बिचारे. दुकानदाराने नीट समजावलं, "काकाजी, या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान हाय. तुमची पस्तीस याच्यावर पन्नाससारखी पाह्यते. बाजूचे लोकं कटनारच. आकडा जितका लहान, तितके जास्त लोकं मावते. तुमी ही अठराची घ्या."

"लेन्सवर पस्तीस लिहून हाय ना? मंग लाखनीत पस्तीस अन् भंडाऱ्यात पन्नास कशी होईन गा?"

"लाखनीतही पन्नासच होते, काकाजी."

"मले शिकवू नोको. माह्या लेन्सनं पुरं खानदान काढलं हाय," असं म्हणून सेवकराम रिकाम्या हाताने एसटीत बसले. आता अशा माणसाला काय म्हणावं!

साक्षगंधाच्या दिवशी अंगठ्या घालून झाल्या आणि दोन्हीकडची मंडळी बैठकीत ओळीने उभी राहिली. मधे गुंजन आणि नवे जवाई कैलाश. अगदी टोकाला, छाती काढून, अमरराव. सेवकरामांनी टाच लावून पाहिलं. अमरराव नव्हते. कोपरही नव्हतं.

"जरा चिपका!" सगळे चिकटले. अमररावांची बाही आली.

"जवाईबापू, तुमी मधात या." अमरराव मधे आले, तर त्या टोकाचे कैलाशचे मामा बाहेर गेले. त्यांना आत घेतलं, तर कैलाशची आत्या अर्धी झाली. "मले कायले कापून राहिले जी?" आत्याबाईंनी तिथल्या तिथे विचारलंच.

सेवकराम उंबरठा ओलांडून मागे गेले, तर फोटोत दाराची चौकटच आली. "सगळे बाहेर आंगनात चला!" मंडळी निघाली. मागोमाग सोफा निघाला. तो दारात अडकला, तिरका करून निघाला, त्यात अमररावांचं बोट चेमटलं. अंगणात ऊन थेट डोळ्यांवर. तोंडं फिरवली, तर सगळ्यांच्या मागे शेजाऱ्यांची गाय येऊन उभी राहिली.

"बाबा, माहा मेकअप उतरून राहिला!" गुंजन ओरडली.

"अजी, भाजी थंडी होऊन राहिली!" गोदावरीबाई ओरडल्या.

"येक मिनिट! मी मांगं जाऊन राहिलो ना!" सेवकराम एक डोळा मिटून मागे, आणखी मागे जात राहिले. मागे धानाच्या तणसाचा ढीग होता. तो सगळ्यांना दिसत होता. पण कंटाळा असा आला होता की सांगायचं कोणाच्याच जिवावर आलं.

शेवटी अमररावांचा धीर सुटला. ते ओळ सोडून तरातरा पुढे आले, खिशातून मोबाईल काढला आणि एका दमात फोटो काढला. सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "घ्या मामाजी! हे पाहा, सगळे आले!"

सेवकरामांना ते फार लागलं. काही सुनावायच्या तयारीत त्यांनी एक पाऊल आणखी मागे घेतलं आणि ते थेट तणसात बसले. अमरराव पोट धरून हसले. सावरता सावरता सेवकरामांच्या बोटाखालचं बटण दाबलं गेलं, तिकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर अमररावांनी मोबाईल उघडला. कैलाशचे मामा होते, आत्या पूर्ण होती, गाय होती. अमररावांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी कुठी हाय याच्यात?"

"काढनारे तुमीच होते ना," अंजू हळूच म्हणाली. अमरराव उठले आणि बॅग शोधायला लागले. अंजूने डोळ्यांना पदर लावला. गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की सेवकराम कॅमेऱ्यात तोंड लपवून उगाच बटणं दाबत बसले. आणि एकदम ओरडले, "जवाईबापू, इकडे या!"

शेवटच्या फोटोत फक्त अमरराव होते. अंगणातले, मनमोकळे हसणारे, मिशीचा केस न् केस दिसेल असे. पस्तीसची असो की पन्नासची, लेन्सने एकट्या माणसाला झकास टिपलं होतं. अमररावांनी फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि बॅग खाली ठेवली.

"मामाजी, हा मोठा करून बैठकीत लावा. दिवाळीले आमी येतोच."

दुसऱ्याच आठवड्यात तो दाराएवढा फोटो भिंतीवर चढला. गोदावरीबाईंच्या जिवात जीव आला. सेवकराम येईल-जाईल त्याला सांगायचे, "पाह्यली का माही लेन्स?"

मग एक दिवस कैलाशराव लग्नाची तारीख ठरवायला आले. सोफ्यावर बसले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. पोह्यांना हात लावला नाही, चहा अर्धा ठेवला आणि तारखेचं नंतर बघू म्हणून निघून गेले. रात्री गुंजन फोन ठेवून बाहेर आली. रडवेली झाली होती.

"बाबा, थे विचारून राहिले होते, साक्षगंध कोनाचं होतं म्हनून."

सकाळच्या पहिल्या एसटीने सेवकराम भंडाऱ्याला पोचले. दुकानाचं शटर अजून अर्धंच उघडलं होतं. ते खालून वाकून आत शिरले.

"बोला काकाजी, कितीची देऊ?"

"आकडा नोको सांगू गा," सेवकराम घाम पुसत म्हणाले, "दोन जवाई येका फोटोत मावतीन, अशी दे."