ज्युनिअर केजीतला बेमुदत संप

राष्ट्राची प्रगती औद्योगिक शांततेवर अवलंबून असते, आणि औद्योगिक शांतता सकाळी कुणाच्या तरी पायात मोजा जाण्यावर. यातली पहिली गोष्ट सरकारी अहवालांत सापडते. दुसरी फक्त ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनाच ठाऊक असते. लालबाग-परळ परिसरातल्या बहुसंख्य पालकांना सकाळी एकच मोजा सापडतो. (उरलेले खोटं सांगतात.)

परबांच्या घरी मंगळवारी संप झाला. रूपेश परब हे तिथलं सकाळपाळीचं व्यवस्थापन. बायको सुचित्रा नर्स. ती उजाडायच्या आत ड्युटीवर जाई आणि जाताना 'दोघांना नीट बघ हं' एवढा अत्यंत व्यापक आदेश देऊन जाई. कामगारवर्गात दोघं: चार वर्षांची नूपुर, ज्युनिअर केजीत कायम, आणि दोन वर्षांचा रघुवीर, अजून कुठेच न लागलेला. कामगार सल्लागार म्हणून रूपेशचे वडील महादेवराव. एकेकाळी गिरणीत कापडाचे साचे चालवलेले, गेट मीटिंगा गाजवलेले. गिरणी गेली, तिथे मॉल आला. महादेवरावांच्या मते मात्र गिरण्यांचा ब्याऐंशीचा संप अजून मागे घेतलेला नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते आजही संपावरच आहेत.

रूपेश मुलांवर ओरडत नसे. पालकांच्या एका ऑनलाइन शिबिरात तो शिकला होता की मुलांना हुकूम देऊ नये, पर्याय द्यावेत.

"नूपुर, निळे मोजे की पांढरे?"

"कुठलेच नाही."

(हा पर्याय शिबिरात आला नव्हता.)

एरवी हे चालून गेलं असतं. पण त्या दिवशी ऑफिसात रूपेशची बढतीची मुलाखत होती, आणि व्हॅनवाल्या हितेंद्रकाकांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, "परब, आता थांबणार नाय. हॉर्न दिला की निघालो." व्हॅन चुकली, तर पोरीला शीवच्या शाळेत पोचवायचं काम रूपेशचं आणि बढती दुसऱ्या कुणाची.

नूपुर उंबऱ्यात आडवी झाली.

"आजोबा, संप म्हणजे परत सांगा."

"काम बंद," महादेवराव चहात खारी बुडवत म्हणाले. "घोषणा चालू."

मागण्या तोंडी मांडण्यात आल्या. वेणी रद्द, पोनी मंजूर करावी. डब्यातली भेंडी हटवावी. व्हॅनमध्ये पुढची सीट. मोजे कायमचे बंद. व्यवस्थापनाने उदार धोरण स्वीकारून वेणी आणि भेंडी तिथल्या तिथे सोडून दिली.

"पण मोजे शाळेचा नियम आहे ना बाळा?"

"मग शाळेला घाल."

"चेडवा, तोंडी आश्वासन घेव नको," सल्लागारांनी बजावलं. "लेखी घे, मगेच पाय फुडे कर."

"बाबा, तुम्ही गप बसा ना जरा! ती तुमचं ऐकतेय."

"ऐकतलीच. मेंबर आसा ती."

एवढ्यात खाली हॉर्न वाजला.

रूपेशची नजर रघुवीरवर गेली. तो नूपुरचा एक मोजा हातात घालून भिंतीला पंजा दाखवत होता. आणि रूपेशला सगळं लख्ख दिसलं. शाळेला हजेरीपुरतं एक मूल हवं होतं, व्हॅनला एक सीट भरायला हवी होती. रघुवीर मूल होता आणि सीट भरत होता. रूपेशने त्याच्या पाठीला नूपुरचं दप्तर लावलं, गळ्यात तिचं ओळखपत्र आणि वॉटरबॅग अडकवली आणि त्याला दारात उभं केलं. रघुवीरने अटी विचारल्या नाहीत. "टाटा," तो म्हणाला आणि जिन्याकडे निघाला.

महादेवराव चहाचा कप ठेवून उभे राहिले. "बदली कामगार? माझ्या घरात बदली आणलंस तू?"

"माझी वॉटरबॅग आहे ती!" नूपुर उठली. "पप्पा, त्याला नको! ती माझी मिस आहे!" भावाच्या हातातला मोजा ओढून, दुसरा कोचाखालून काढून तिने दोन्ही स्वतःच घातले (टाचा वर, पण घातले) आणि बूट हातात घेऊन ती धावली.

"काय परब, आज दोन नग?" हितेंद्रकाका म्हणाले. व्हॅनमध्ये चढून बसलेला रघुवीर सीटचा दांडा सोडेना. त्याला रडत-ओरडत उतरवण्यात आलं. (काम भागलं की बदली कामगाराला असंच उतरवतात, ही पद्धत गिरण्यांनी घालून दिली आहे.)

"रडा नको रे झिला," महादेवरावांनी त्याला कडेवर घेतलं. "तुका पण कायम करतले. आमका पण असाच सांगलेला."

रूपेश विजयी मुद्रेने वेळेत ऑफिसला पोचला. त्याच्या खुर्चीत कंत्राटावरची दर्शना बसली होती. त्याच्या कम्प्युटरवर, त्याचं काम करत.

"सर, म्हटलं तुम्ही येईपर्यंत सुरू करून ठेवावं," ती हसून म्हणाली. "मला आवडतं."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "परब, पगाराबद्दल, वेळेबद्दल काही अपेक्षा?"

"काहीच नाही, सर," रूपेश म्हणाला, आणि शनिवारीही यायची तयारी दाखवली. ती कुणी मागितली नव्हती.

चार वर्षांच्या पोरीला असं फसवणं बरं नव्हे, असं सुजाण वाचक म्हणतील. अगदी बरोबर. तिला अजून समज नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी धावतपळत निघता ते केवळ कामाच्या आवडीपोटी. दारात कोण तुमची बॅग पाठीला लावून उभं आहे, हे बघण्यासाठी नव्हे.