माशाच्या वडीचं बोट

क्योतोच्या स्टुडिओत दुपारी तीन वाजता बोट हरवलं. ते कुरामोचींनी स्वतः बनवलं होतं: माशाच्या वाफवलेल्या वडीचं, वरून रंग, आत लाल पाक. टोळीतल्या इमानी शिष्यानं चुकीची माफी म्हणून करंगळी कापून, पांढऱ्या कापडात गुंडाळून म्होरक्यापुढे ठेवायची, हा सिनेमाचा शेवटचा प्रसंग. आता तबकात नुसतं कापड उरलं होतं.

कुरामोची स्टुडिओचं सामान सांभाळायचे. निवृत्तीला चार महिने होते. सोमवारी त्यांच्या हातून तलवार मोडली, तेव्हा दिग्दर्शक त्सुकुदांनी बजावलं होतं, आणखी एक चूक झाली की घरी बसायचं. नवं बोट करायला दोन तास लागत आणि अंगणातलं ऊन तासाभरात जाणार होतं.

"कुणी खाल्लं?" त्सुकुदांनी विचारलं.

कुरामोची तोंड उघडणार, तेवढ्यात हीरो सावातारीनं गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. सात वर्षं तो इमानी शिष्याचीच कामं करत आला होता. अंगवळणी पडलं होतं.

"मी खाल्लं, साहेब. काकांचा काही दोष नाही."

शिष्यानं दोष घ्यावा आणि म्होरक्यानं बघत बसावं, हे म्होरक्या झालेल्या ओनिझुकांना पटेना. पोरगा मला वाचवतोय, खाल्लं मी, असं म्हणून तेही वाकले. पाठोपाठ टोळीतले चौघे वाकले. कुरामोचींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनीही कबुली दिली. दीड इंचाच्या बोटाला सात खाणारे झाले आणि एकही माघार घेईना.

तेवढ्यात ओसरीखालून स्टुडिओची मांजर मिशा चाटत बाहेर आली. तोंड लालभडक. त्सुकुदांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या सात पाठींकडे. मांजरीचं नाव घ्यावं तर सात भली माणसं खोटी ठरत होती.

नेमके तेव्हाच निर्माते तोकिता आले. काम का थांबलं, चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. त्सुकुदांना भरून आलं होतं. त्यांनी टोपी काढली.

"माझी. बोट मी खाल्लं. भूक लागली होती."

"मग हिचं तोंड लाल कसं?"

"एकट्यानं कसं खायचं? अर्धं तिला दिलं."

दुसऱ्या दिवशी कुरामोचींनी दोन बोटं आणली. एक चित्रणासाठी, दुसरं त्यांनी दोन्ही हातांनी, आदरानं त्सुकुदांपुढे ठेवलं. सगळे बघत होते. त्सुकुदांना मासे बिलकूल चालत नसत. त्यांनी ते नखासकट खाल्लं.