कानसेन मिस्त्री हेडफोन घेतात

"हेडफोन घ्यायला एवढा विचार कसला करायचा? कानाला लावायचा, ऐकायचा, पसंत पडला की उचलायचा! आणि कान कुणाचे आहेत ते तरी बघ!"

असं म्हणून मिस्त्रींनी आपले दोन्ही कान दोन्ही हातांनी धरून बायकोला दाखवले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्यामुळे कान तिने आधी पाहिलेले होते. तिने फक्त मान हलवली.

लोक त्यांना कानसेन मिस्त्री म्हणत, ते काही उगाच नव्हे. गॅरेजच्या दारात गाडी येऊन उभी राहिली, की बॉनेट उघडायच्या आधीच मिस्त्री निकाल देत, "पट्टा सैल झालाय, ऑइल बदललेलं नाही, आणि मालक म्हणणार, परवाच बदललं!" मालक तोंड उघडून "अहो, परवाच..." एवढं म्हणेपर्यंत गॅरेजमध्ये हशा पिकलेला असे. मग मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवत, मूठ उजव्या कानाला लावत आणि डोळे मिटत. त्या वेळी गॅरेजमध्ये कुणी शिंकायचंही नाही, असा नियम होता. समोरच्या गॅरेजवाल्याने दोष शोधणारं कॉम्प्युटरचं यंत्र आणून ठेवलं, तरी गिऱ्हाईकं इकडेच येत. त्याच्याकडे यंत्र होतं, यांच्याकडे कान होते. धंदा कानांवर चालला होता आणि घर धंद्यावर.

हे कान संध्याकाळी घरी आले, की टीव्हीवर मोटारींच्या शर्यती ऐकत. हो, ऐकतच! शर्यत कोण जिंकतंय याच्याशी मिस्त्रींना कर्तव्य नसे. कुणाचं इंजिन कुठे कुरकुरतंय, एवढंच त्यांना हवं असे, आणि त्यासाठी आवाज मोठा लागे. किती मोठा? एकदा वरच्या मजल्यावरचे शेजारी धापा टाकत खाली आले आणि विचारू लागले, "ट्रक भिंत फोडून आत आला की काय?"

आता लेकीची परीक्षा तोंडावर आली होती. ती पुस्तकं घेऊन बाथरूममध्ये, उपड्या बादलीवर बसून अभ्यास करू लागली, तेव्हा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "एक तर हेडफोन आणा, नाही तर टीव्ही माळ्यावर टाकते!"

"आणतो! आजच आणतो! आणि असा आणतो, की दुकानदारही म्हणेल, गिऱ्हाईक असावं तर असं!"

दुकान मोठं होतं. काचेचं दार, थंडगार हवा, आणि एका भिंतीवर नुसते हेडफोनच हेडफोन लटकलेले. काउंटरवरची मुलगी हसतमुखाने पुढे आली.

"वायरवाला दाखवू की बिनवायरचा, काका? कानात जाणारा की कानावर बसणारा?"

"आवाज करणारा दाखव," मिस्त्री म्हणाले.

तिने एक काढून त्यांच्या डोक्यावर चढवला आणि दुकानाच्या फोनवरून गाणं लावलं. मिस्त्रींनी डोळे मिटले. मुलगी बिचारी आशेने बघत राहिली. मिस्त्रींनी डोळे उघडले.

"डावा बंद आहे."

मुलीने हेडफोन आपल्या कानाला लावून पाहिला. "दोन्ही चालू आहेत, काका."

"पोरी, जन्मभर इंजिनं ऐकली मी! मला चालू आणि बंद शिकवतेस? दुसरा काढ!"

दुसरा काढला. डावा बंद! तिसरा काढला, तोही तसाच! मग महागातला आला, स्वस्तातला आला, काळा आला, पांढरा आला, कानात बोळ्यासारखा जाणारा आला. सगळ्यांचा उजवा भाग ठणठणीत आणि डावा मुका! काउंटरवर हेडफोनांचा ढीग साठला आणि मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा काय प्रकार आहे? कारखान्यात डावी बाजू बसवणारा माणूस रजेवर गेलाय का? अर्धा आवाज देता आणि पुरा हेडफोन म्हणून विकता!"

मिस्त्रींचा आवाज गॅरेजात घडलेला. तो दुकानाच्या पार टोकाला, मिक्सर बघत उभ्या असलेल्या बायकांपर्यंत गेला. गिऱ्हाईकं गोळा झाली. एका तरुणाने पैसे द्यायला हातात घेतलेला हेडफोन गुपचूप पुन्हा खुंटीला अडकवला. एक आजोबा आदल्याच दिवशी हेडफोन घेऊन गेले होते आणि आज चार्जर बदलायला आले होते. ते म्हणाले, "मलाही कालपासून डावा जरा दबकाच वाटतोय हं!" त्यावर आणखी कुणीतरी म्हणालं, "माझ्या मेव्हण्याचाही असाच निघाला!" मेव्हण्याने तो कुठून घेतला होता, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती. पाहता पाहता अख्खं दुकान डाव्या बाजूवर संतापलं.

मॅनेजर टाय सावरत आला. त्याने ढिगातला एक हेडफोन उचलून ऐकला. "चालू आहे." झाडू मारणाऱ्या बाईंना ऐकायला दिला. "चालू आहे की!" त्या म्हणाल्या.

"तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी!" मिस्त्री गरजले. "पगार दुकानाचा खाता, बोलणार दुकानासारखंच! अहो, मी कोण आहे माहीत आहे का?"

"मला माहीत आहे," गर्दीतून एक आवाज आला.

शाळेतल्या बाई! मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक. हातात इस्त्रीचा खोका घेऊन त्या पुढे आल्या, आणि एखाद्या मुलाला बाकावर उभं करताना चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मिस्त्री, माझ्या गाडीच्या डाव्या चाकातून खडखड येते म्हणून मी तुमच्याकडे कितीदा आले?"

"आलात खऱ्या. मी स्वतः गाडी चालवून बघितली. काही आवाज नाही!"

"आणि मला काय म्हणालात? बाई, तुमचे कान तपासून घ्या! मी तपासून घेतले! डॉक्टर म्हणाले, इतके चांगले कान आम्ही क्वचित बघतो. शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारे कान आहेत हे! आता तुम्हीच आपले कान तपासून घ्या!"

गर्दी हसली. मघापर्यंत आपल्या बाजूची असलेली गर्दी! आजोबा तर सगळ्यांत जास्त हसले. मिस्त्रींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की त्यांना काही सुचेना.

"मला यापुढे इथला एक शब्दही ऐकायचा नाही!" असं ओरडून ते ताडताड दाराकडे निघाले. शेवटचा बिनवायरचा हेडफोन त्यांच्या डोक्यावर तसाच होता. त्यात गाणं जोरात वाजत होतं, अर्थात उजवीकडेच.

दाराच्या डाव्या खांबावर भोंगा होता. कुणी न विकलेला माल बाहेर नेला, की तो बोंबलायचा. तो बोंबलला. डाव्या हाताला स्टुलावर रखवालदार बसला होता. तोही बोंबलला, "ओ साहेब! ओ! थांबा!" मिक्सर बघणाऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मिस्त्री मात्र शांतपणे पायऱ्या उतरले, गाड्या लावायच्या जागेकडे वळले आणि चालू लागले. तेवढ्यात दुकानाचा फोन मागे राहिल्यामुळे गाणं तुटलं.

"घ्या! आता उजवाही गेला!" मिस्त्री स्वतःशीच कडाडले. "दुकानाबाहेर पडेपर्यंतसुद्धा टिकला नाही! थांबा, आता बघतोच एकेकाला!"

तक्रार करायला ते गर्रकन मागे वळले, ते थेट रखवालदाराच्या मिठीत.

मॅनेजरच्या खोलीत टेबलावर पुरावा ठेवला होता. रखवालदार दार अडवून उभा होता, आणि शाळेतल्या बाई साक्षीदार म्हणून स्वखुशीने आल्या होत्या.

"मी चोर? मी?" मिस्त्रींनी टेबलावर मूठ आपटली. "अहो, गडबडीत डोक्यावर राहिला! भोंगा मला ऐकूच आला नाही!"

"कसा नाही आला?"

"गाणं चालू होतं कानात!"

मॅनेजर शांतपणे खुर्चीत पुढे सरकला. "कुठल्या कानात?"

"उजव्या!"

"बरोबर. डावा भाग मुका आहे, हे तुम्हीच दुकानभर ओरडून सांगितलंत. म्हणजे डावा कान रिकामा होता. भोंगा डावीकडे, रखवालदार डावीकडे. रिकाम्या कानाला रस्त्यापलीकडचा भोंगाही ऐकू येतो. तुम्हाला तो ऐकू आला आणि तरीही तुम्ही चालत राहिलात. याला आम्ही चोरी म्हणतो."

मॅनेजर पोलिसांना फोन लावू लागला.

आता गॅरेजमध्ये एखादा प्लग बिघडल्याचा संशय आला, की मिस्त्री तो काढून शेजारच्या जागी बसवतात. दोष प्लगाबरोबर सरकला, तर प्लग वाईट. दोष जागेवरच राहिला, तर इंजिन वाईट. हात सवयीनेच टेबलाकडे गेला. हेडफोन उचलला, उलटा केला, डावा भाग उजव्या कानावर बसवला. दुकानाचा फोन आता जवळच असल्यामुळे गाणं पुन्हा सुरू झालं होतं. डावा भाग उजव्या कानात खणखणीत गात होता! आणि उजवा भाग, मघाचा ठणठणीत उजवा भाग, डाव्या कानावर मुकाट बसला होता.

दोष जागेवरच होता.

मिस्त्री घाबरले. खरंच घाबरले. इतकी वर्षं स्क्रूड्रायव्हर उजव्याच कानाला लावला, डाव्याला कधी काही विचारलंच नाही! तो कधी संपावर गेला, त्यांना पत्ताही लागला नव्हता. आणि समोर शाळेतल्या बाई कान टवकारून बसलेल्या! यांना कळलं की शाळेला कळणार, शाळेला कळलं की गावाला. एका कानाच्या कानसेनाकडे गाडी कोण आणणार? सगळे समोरच्या यंत्राकडे जाणार! बहिरा म्हणावं तर धंदा बुडाला, नाही म्हणावं तर चोर. इकडे आड, तिकडे विहीर!

मिस्त्रींनी छाती पुढे काढली.

"लिहा! चोर लिहा!"

मॅनेजरच्या हातातला फोन खाली आला. "काय?"

"चोरलाय मी! भोंगा ऐकला, अगदी स्पष्ट ऐकला! डाव्या कानाने ऐकला! आणि ऐकून चोरला! काय करायचं ते करा!"

एवढ्या अभिमानाने गुन्हा कबूल करणारा माणूस मॅनेजरने पाहिला नव्हता. त्याला वेगळीच शंका आली आणि त्याने पोलिसांऐवजी मिस्त्रींच्या घरी फोन लावला.

बायको आली, ती पदर खोचूनच. सगळी हकिगत तिने उभ्यानेच ऐकून घेतली.

"चोर? हे?" ती म्हणाली. "अहो, हे डब्यातली साखर चोरून खातात तर शेजाऱ्यांना कळतं! यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, एवढंच आहे."

"हळू बोल!" मिस्त्री कळवळले.

"हळू बोललं तर तुम्हाला ऐकू येत नाही."

"म्हणजे माझ्या गाडीचं चाक खडखडतंय!" शाळेतल्या बाई टुणकन उठल्या. त्यांच्या तोंडावर विजय मावत नव्हता. "मिस्त्री, सोमवारी गाडी घेऊन येते. आता मागच्या सीटवर उलटे बसा आणि उजवा कान त्या चाकाकडे करा! बाकी तुमचं निदान कधी चुकलेलं नाही."

धंदा बुडाला नव्हता! मिस्त्रींच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर संतापही आला.

"कुणाकुणाला माहीत होतं हे?"

"सगळ्यांनाच. लेक जेवायला तुमच्या उजवीकडे बसते. गॅरेजमधली माणसं उजवीकडून हाक मारतात."

"आणि मला एकानेही सांगू नये? घरच्या माणसाने? लग्नाच्या बायकोने?"

"सांगते की! रोज सांगते. तुम्ही उजव्या कुशीवर वळलात, उजवा कान उशीत गेला, की सांगते, 'अहो, डावा कान डॉक्टरांना दाखवून या हो.' तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. असं सांगितलं, की मला सांगितल्याचं समाधान आणि घरात भांडण नाही."

मिस्त्रींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. एक भयंकर शंका त्यांच्या मनात आली.

"आणि आणखी काय काय सांगतेस तू त्या कानात?"

बायको पुढे झाली, त्यांच्या डाव्या बाजूला गेली, वाकली आणि दबक्या आवाजात तिने अगदी सविस्तर उत्तर दिलं. रखवालदार भिंतीला टेकून हसला, मॅनेजरने टायने डोळे पुसले, शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अगदी खरं आहे हो!" मिस्त्रींना मात्र त्यातलं एक अक्षरही ऐकू आलं नाही.