बसवंतचा स्वेटर अमेरिकेला निघाला

मी हंबीरराव. हुद्द्याने इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन अधिकारी. म्हणजे बसचे पास, पंखे आणि पाण्याचे कूलर. पण माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा सबंध बंगळुरात नाही. समोरच्याच्या बुटांवरून मी त्याचं गाव सांगतो. गाव चुकलं, तर बूट उसने असतात.

१९९८च्या नोव्हेंबरात आमचे मोठे साहेब, रत्नाकर, यांनी मला बोलावलं.

"हंबीरराव, बसवंत सापडत नाही. सोमवारी त्याला अमेरिकेला पाठवायचंय."

अमेरिकेची संधी एकालाच होती आणि निवड शास्त्रशुद्ध झाली होती. साहेब संध्याकाळी सातला फेरी मारत. ज्याच्या खुर्चीवर स्वेटर, तो अजून कामावर आहे, चहाला गेला असेल, असा त्यांचा हिशेब. बसवंतचा निळा स्वेटर कित्येक महिन्यांत हलला नव्हता. शिवाय त्याच्या ट्रेमध्ये टाकलेलं काम दुसऱ्या दिवशी तयार असे. तसे सातला जवळपास सगळ्याच खुर्च्यांवर स्वेटर असत आणि कंपनीची बस मात्र साडेपाचलाच भरून गेलेली असे. एवढी मेहनती माणसं घरी कशी जातात, हे कोडं मी सवडीने सोडवणार होतो.

मी बसवंतच्या टेबलाची पाहणी केली. की-बोर्डवर धूळ होती, अर्थात टायपिंग अत्यंत हलक्या हाताचं. कपातल्या चहाला बुरशी आलेली, म्हणजे गडी संयमी. स्वेटर न घेताच गेला, त्या अर्थी त्याला उष्ण प्रदेशात पळवून नेलं होतं. संशयाची सुई मी नागपूरवर स्थिर केली.

मग शेजारच्या टेबलावरच्या सुचेताची उलटतपासणी घेतली. ही पुण्याची.

"बसवंतला शेवटचं कधी पाहिलंत?"

"गणपतीच्या आधी. सर, तो नोकरी सोडून गेलाय. मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर साहेब म्हणाले, सहकाऱ्याच्या मागे असं बोलू नये."

"मग त्याचं काम कोण करतं?"

"मीच. डेडलाइन चुकली की सगळ्या टीमला ऐकावं लागतं." तिने बसवंतचा ट्रे पुढ्यात ओढला. "सर, अमेरिकेला मला जायचं होतं. दोन वर्षं त्यासाठीच राबतेय."

खरं बोलणारा माणूस चार ठिकाणी अडखळतो. ही कुठेच अडखळली नाही. त्यात ती रोज साडेपाचच्या ठोक्याला निघते आणि स्वेटर अंगात घालून जाते. सरळ माणसाला एवढी घाई नसते. मत्सरापोटी हिनेच बसवंतला धमकावून नागपूरला धाडलं, असा अहवाल मी दिला. साहेबांनी तिला नोटीस द्यायचं ठरवलं आणि शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलं.

नोटीस तिच्या हातात पडणार, तेवढ्यात दार ढकलून बसवंतच आत आला. हा निपाणीचा.

"नमस्कार ओ साहेब. स्वेटर राहिलावता माझा. नव्या कंपनीत तो लागायलाय बघा, म्हणून आलो."

"नव्या कंपनीत?" साहेब म्हणाले.

"गणपतीच्या आधीच सोडलो की ओ. स्वल्प गडबडीत गेलो, तेवढा स्वेटर विसरला."

हिशेब खात्याने त्याचा पगार केव्हाच थांबवला होता. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

साहेब सुचेताकडे वळले. "मग त्याचं काम तुम्ही करत होतात?"

"हो सर," सुचेता म्हणाली. तिच्या डोळ्यांत आशा आली.

"स्वतःचं सांभाळून?"

"हो सर."

"आणि तरी साडेपाचला घरी?" साहेबांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "म्हणजे तुम्हाला काम फारच कमी पडतंय. तुमच्या टीममधल्या मंजुनाथचा ट्रेसुद्धा आजपासून तुमच्याकडे. अमेरिकेला आता मलाच जावं लागेल."

सुचेताचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, पण अहवालाच्या तीन प्रती आधीच निघाल्या होत्या.

आम्ही तिघं बाहेर आलो. बसवंतने खुर्चीवरचा स्वेटर उचलून झटकला.

"तुमच्या नव्या कंपनीत जागा आहे का हो?" सुचेताने विचारलं.

"आहे की ओ अक्का," बसवंत घडी घालत म्हणाला. "पण येताना दोन स्वेटर घेऊन या, एक अंगाला, एक खुर्चीला. तिथले साहेब आठला फेरी मारतात."