आप्पांची कंपनी

आमचे शेजारी सुभेदार आप्पा कुणाला एकटं जेवू द्यायचे नाहीत. विट्याच्या एसटी स्टँडवर एखाद्यानं कोपऱ्यात डबा उघडला, की हे समोर मांडी घालून बसलेच. घरून पोटभर जेवून निघालेले असले, तरी त्याच्या भाकरीचा तुकडा मोडायचा आणि विचारायचं, "कंपनी म्हंजे काय, ठावं हाय का?"

पलटणीत कुणा साहेबानं त्यांना हा इंग्रजी शब्द मुळापासून फोडून सांगितला होता. "कम म्हंजे संगं, पानिस म्हंजे भाकर. लॅटिन हाय ते! संगं भाकर खानारी ती कंपनी." तेव्हापासून हा अर्थ आप्पांच्या मानगुटीवर बसला आणि आप्पा आमच्या.

एकदा विमेवाला दारात आला. "मी कंपनीकडून आलोय," एवढंच बोलला बिचारा.

"तुजा सायेब तुज्यासंगं जेवतो का रं?"

"नाही."

"मग ती कंपनी न्हवं गड्या, दुकान हाय. बस, भाकर खा."

त्यानं भाकरी खाल्ली. विमा काही कुणी उतरवला नाही.

गेल्या महिन्यात आप्पांची बायको, आमच्या काकू, गेल्या. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात, सोबत बसून घरच्यांना कडू घास भरवतात. मीही ताट घेऊन गेलो. आप्पा सकाळपासून उपाशी होते.

"आप्पा, दोन घास खावा. मी बसतो की तुमच्यासंगं."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "ती रोज माज्या मागनं जेवायची," ते म्हणाले. "सयपाकघरात, एकटी. आन् मी हात धुऊन भाईर, गावाला कंपनी शिकवायला."

"आवं, बायका जेवत्यातच मागनं," मी म्हणालो. म्हणालो आणि माझीच मला लाज वाटली.

"एकदा तिनं इचारलं व्हतं. 'आवं, समद्यास्नी सांगता, त्यो शब्द मला बी सांगा की.'" आप्पांनी ताट आणखी लांब सरकवलं. "मी म्हनलं, 'तुला काय कळतंय त्यातलं?' लय हसली. परत कवा इचारलं न्हाई."

पिठलं निवून घट्ट झालं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्या तोंडाशी धरला. हात अवघडेपर्यंत धरला. त्यांनी तोंड उघडलं नाही.