तात्यांची उन्हाळ्याची नोंद

आमच्या कॉलनीत कॉलेजला जाणारं पोरगं दिसलं की शंकरतात्या त्याला 'बरा आहेस का' असं विचारत नाहीत. सायकलवरून एक पाय खाली टेकवतात आणि म्हणतात, "उन्हाळ्याची नोंद झाली का?" बरं, हे कधी? तर ऐन दिवाळीत. पोराच्या तोंडात चकली आणि तात्या मे महिन्यातल्या इंटर्नशिपचं विचारतायत! तात्यांची सायकल दिसली की पोरं गल्ली बदलतात. पण तात्याही वस्ताद. ते दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आधीच जाऊन उभे असतात.

तात्या माझे शेजारी. भवानीनगरला आमच्या दोन घरांमध्ये एक तारेचं कुंपण आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. मी बारामतीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि इंटर्नशिपचं खातं माझ्याच गळ्यात मारलेलं आहे. तात्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झाले. हुद्दा चिटबॉय. सत्तरीला टेकले तरी कुणी विचारलं की ताठ मानेनं सांगतात, "मी चिटबॉय." कुणी कधी ऊस लावला ते रानात जाऊन पाहायचं, वहीत नोंद घ्यायची आणि शेतकऱ्याच्या हातात पोच द्यायची, हे त्यांचं काम. ज्याची नोंद आधी, त्याच्या उसाला तोड आधी. जन्मभर हेच केल्यामुळं तात्यांची पक्की समजूत झाली की जगात सगळीकडं असंच चालतं.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. मुलगा-सून पुण्यात. घरात तात्या, एक रेडिओ आणि कारखान्यातून आणलेली एक कोरी नोंदवही. त्या वहीत तात्यांनी आसपासच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी घेतल्या. नाव, गाव, लागण म्हणजे कॉलेजात प्रवेश कधी घेतला, आणि तोड म्हणजे इंटर्नशिपचा उन्हाळा कोणता. वर्गवारीसुद्धा उसाचीच. दीड वर्ष आधी हालचाल करणारा विद्यार्थी आडसाली. दिवाळीला जागा होणारा पूर्वहंगामी. जानेवारीत धावपळ करणारा सुरू. आणि नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा फुटलेला तो खोडवा. एकदा माझ्या केबिनमध्ये आले आणि समोर बसलेल्या पोराकडं एक नजर टाकून म्हणाले, "मॅडम, हे खोडवं दिसतंय." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पोरगं मात्र मान खाली घालून म्हणालं, "व्हय तात्या, दोन विषय राहिल्यात."

तात्यांचा परवलीचा शब्द म्हणजे पोच. "तारीख टाका, पोच द्या." दूधवाल्यालासुद्धा हेच. पिंपळीच्या एका पोरानं त्यांच्यासमोर मोबाइलवरून कंपनीला अर्ज पाठवला. तात्या म्हणाले, "पोच कुठाय?"

"तात्या, मेल गेला की. हे बघा."

"गेला ते आपल्याला म्हाईत हाय. पोचला हे कोण सांगणार?"

पोरानं डोक्याला हात लावला. तात्यांनी त्या मेलची छापील प्रत काढायला लावली, एसटी धरली, बारामतीच्या एमआयडीसीत उतरले आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. वॉचमन म्हणाला, आबा, हे मे महिन्याचं काम, एप्रिलात या. तात्या तिथंच सावलीत बसले. दोन तासांनी वॉचमननं वैतागून आवकचा शिक्का मारला, तेव्हा उठले. पुढं काय झालं असेल? मेल कुठल्या कोपऱ्यात पडला देव जाणे, पण शिक्क्याचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला आणि पोराला बोलावणं आलं. त्यानंतर आठवडाभर तात्यांची सायकल जमिनीवर नव्हती.

मी त्यांच्याशी भांडलेही आहे. एका दिवाळीत, मी फराळाचं तळत असताना कुंपणावरून हाक आली, "मॅडम, तुमच्या वर्गातल्या किती पोरांची नोंद झाली?" मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, "तात्या, ही पोरं आहेत, ऊस नाही! त्यांना अजून विषय कळलेले नाहीत."

तात्या शांतपणे म्हणाले, "समदं कळल्यावर नोंद द्यायची म्हणणारा मार्चमधी रडतो, मॅडम."

आणि सांगायला लाज वाटते, पण खरं तेच झालं. मार्चपासून माझ्या केबिनबाहेर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात तात्यांच्या वहीतलं एकही पोरगं नव्हतं.

पोराला जागा मिळाली की तात्या वहीत बरोबरची खूण करायचे आणि लिहायचे, 'तोड झाली.' गंमत बघा, तोड झालेलं पोरगं पुढं नोकरीला पुणं, हिंजवडी, चेन्नई असं कुठंतरी जायचं आणि गल्ली एका माणसानं कमी व्हायची. एकदा वही चाळत ते म्हणाले, "रान मोकळं झालं बघा." आणि हसले. मीही हसले. मला तेव्हा काही उमजलं नाही, मी आपली माझ्याच गडबडीत होते.

यंदा जानेवारीत तात्यांच्या घरी सुतार आला. पुढच्या खोलीत एक मोठं टेबल झालं, वर दिवा. खिडकीला डासांची जाळी बसली. मग एक दिवस चक्क वायफायचा माणूस आला. ज्या घरात बटणाचा मोबाइल, तिथं वायफाय! मी विचारलं, "काय तात्या, भाडेकरू ठेवताय का?"

"बघू की," म्हणाले आणि रंगाचा डबा घेऊन आत गेले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ते मला कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा देत होते, तेवढ्यात फोन वाजला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. नात होती, मुलाची मुलगी गौरी. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला.

"तात्या, झालं! मला बंगलोरला इंटर्नशिप मिळाली. अख्खा उन्हाळा!"

तात्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"तुमच्यामुळंच झालं हो. तुम्ही म्हणायचा ना, नोंद आधी? मी दिवाळीतच अर्ज टाकला होता. वर्गात सगळ्यात पहिला माझा!"

"पोच आली का?" तात्यांनी विचारलं.

"आली ना, मेल आलाय."

"छापून ठिव. आणि तितलं पाणी बाधतं का बघ, उकळून पी."

फोन बंद झाला. तात्यांनी शेंगा माझ्या हातात दिल्या, आत गेले आणि वही घेऊन आले. कुंपणावर ठेवून पहिलं पान उघडलं. इतक्या वर्षांत ते पान मी पाहिलंच नव्हतं. पहिली ओळ: गौरी. गाव: भवानीनगर. तोड: तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा. खाली एमआयडीसीतल्या एका कंपनीचे तीन शिक्के, तीन दिवाळ्यांचे. शेवटच्या शिक्क्याखाली मॅनेजरची सही आणि शब्द, 'मंजूर.' म्हणजे पोरीनं कॉलेजात पाऊल टाकलं त्या वर्षीच या माणसानं तिच्या उन्हाळ्याची जागा धरून ठेवली होती. दोन महिने नात घरी राहील, सकाळी बारामतीला जाईल, संध्याकाळी परत येईल, त्या टेबलाशी बसेल. टेबल, जाळी, वायफाय, सगळं तिच्यासाठी.

मी भडकलेच. "तात्या, अहो मग तिला सांगितलं का नाही? आत्ता फोनवर होती ना! मी लावते परत."

"न्हाय मॅडम, नगा लावू." त्यांनी माझा हात धरला. "चूक माझीच हाय. आमच्यात रानात जाऊन नोंद घ्यायची रीत. मालक मागनं सही करतो. मी नोंद घेतली, पर मालकिणीला इचारलंच न्हाय."

तात्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'मंजूर'च्या पुढं 'रद्द' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत.

"ती जागा वाया घालवू नगा," ते म्हणाले. "अंथुर्ण्याची पोरगी हाय ना तुमच्या वर्गात, उशिरा आली म्हणून मी फटकारलेली? तिला द्या. मॅनेजरला मी उद्या जाऊन सांगतो."

मग त्यांनी खिडकीच्या नव्या जाळीकडं एकदा बघितलं.

"मॅडम, पुढच्या उन्हाळ्याला ती नोकरीत असंल. नोकरीत उन्हाळ्याची सुट्टी असती का हो?"

"नसते, तात्या."

"दिवाळीची?"

"असते. तीन-चार दिवस."

त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली. कोऱ्या पानाखाली कार्बन घातला आणि पुन्हा पहिली ओळ लिहिली: गौरी. दिवाळी. चार दिवस. येताना पुण्यात आईबापाकडं दोन दिवस मोडतील असं काहीतरी मनाशी धरून चाराचे दोन केले. वही फिरवून माझ्यापुढं सरकवली, वर पेन ठेवलं.

"तारीख टाका, पोच द्या."

गौरी येईल की नाही हे मी कोण सांगणार? मला कसला अधिकार? पण उभा जन्म दुसऱ्यांना पोच देत आलेला माणूस हात पुढं करून उभा होता. मी तारीख टाकली आणि सही केली. तात्यांनी कार्बनखालची प्रत फाडली, घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.